दुष्काळातील ग्रंथ आणि त्याचा वाचक

ग्रंथप्रसार व आपद्‌ग्रस्तांची सेवा ही दोन कामे आपल्या मंडळ्यांत बहुधा एकाच समितीकडे सोपविलेली असतात. वार्षिक अहवालातही ती एकाखाली एक येतात : इतकी पोती धान्य, इतकी घोंगडी, इतक्या पुस्तिका. या मांडणीचे आम्हांला पूर्वी कधी नवल वाटले नव्हते. दोन्ही दानेच आहेत, एक देहासाठी व एक आत्म्यासाठी, असे आम्ही शिकलो आणि पुढे शिकविलेही. प्रस्तुत लेखात आम्ही या जोडणीची, आणि विशेषेकरून तिच्यातून जन्मलेल्या साहित्याची, चिकित्सा करू इच्छितो. दुष्काळात ज्यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता माणसे जगविली, त्यांच्या सेवेवर टीका करण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु त्यांनी जे लिहिले, छापले व वाटले ते साहित्य आहे, आणि साहित्य म्हटले की वाचक कोण हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो.

हा प्रश्न आम्हांला ग्रंथालयात सुचला नाही. तो परसवाड्यास सुचला. बालाघाटहून बैहरकडे जाऊ लागले की रस्ता घाट चढतो, भातशेतीचा सखल मुलूख मागे पडतो, आणि साल व बांबूच्या वनांमधून हा घाटावरचा प्रदेश लागतो. वस्ती मुख्यतः गोंडांची, काही बैगांची. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे नागपूर, हैदराबाद अशा शहरांतून या जिल्ह्यातील मजूर पायी परत येत होते. आमच्या मंडळीच्या वतीने आम्ही गोंदियाहून तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ व साबण यांच्या पिशव्या घेऊन तेथे गेलो. प्रत्येक पिशवीत सोळा पानांची एक पुस्तिका होती. ती मराठी होती. तिची निवड कोणी विचारपूर्वक केली होती असे नाही. कपाटात तिचे गठ्ठे शिल्लक होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध गोंड आजी, सोबत नातवाला घेऊन, आम्ही उतरलो होतो तेथे आली. पिशवी नातवाच्या डोक्यावर होती आणि पुस्तिका आजीच्या हातात. तिने हिंदीत सांगितले की घरात हे वाचणारे कोणी नाही, तेव्हा हे परत घ्यावे. आणि मग विचारले की पुस्तक परत केले तर तांदूळही परत करावा लागेल काय. आम्ही घाईने नाही म्हणालो. पण पिशवीचे तोंड अजून सुटलेले नव्हते. त्या घरात दोन मुले होती, आणि रात्री तांदूळ शिजला नव्हता. आम्ही कोणतीही अट घातली नव्हती, हे खरे. परंतु अट घातली गेली आहे असे तिने वाचले होते. तिला अक्षर येत नव्हते, तरी त्या पिशवीचा अर्थ तिने आमच्यापेक्षा अधिक बारकाईने लावला, असे आता वाटते.

तिच्या या वाचनामागे एक इतिहास आहे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून बनविला गेला. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांत मध्यप्रांतातील जे जिल्हे सर्वाधिक पोळले, त्यांत तो एक होता. १८९१ ते १९०१ या दशकात तेथील लोकसंख्या वाढण्याऐवजी घटून सव्वातीन लाखांच्या आसपास आली. भात गेले, कोदो-कुटकी गेली, आणि मोहाच्या फुलांवर व कंदमुळांवर माणसे किती काळ जगणार? सरकारी कामे, अन्नछत्रे व निराधारगृहे निघाली, त्याचप्रमाणे मिशनांची अनाथगृहे निघाली. बैहरच्या बाजूला जॉन लॅम्पर्ड यांचे बालाघाट मिशन गोंडांमध्ये काम करीत होते. पुढे ते काम मेथॉडिस्ट मंडळीकडे गेले. मिशनच्या नावाने धान्य देणारा हात आणि पुस्तक देणारा हात एकच, असे चित्र या डोंगरांत त्या काळी ठसले असल्यास नवल नाही.

त्या दुष्काळांतून ख्रिस्ती साहित्याचे जे प्रकार निघाले, त्यांपैकी पहिला म्हणजे वाटावयाची पत्रके. यांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. मराठी पत्रकवाङ्‌मयाची परंपरा तोवर जुनी झाली होती. बाबा पदमनजींसारख्या लेखकाने तिला भाषेचे तेज दिले होते. ज्याने १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले त्याला विधवांच्या दुःखासमोर बसून ऐकणे ठाऊक होते. परंतु पत्रकाचा साचा असा की त्यात वाचकाला आपले ऐकविण्यास जागा नसते. आरंभी मृत्यूविषयी एक प्रश्न, मध्ये दृष्टान्त, शेवटी प्रार्थना. सुखवस्तू वाचकाला मरणाची आठवण करून देणे हे कदाचित आवश्यक असेल. ज्याच्या दारात मरण उभे आहे त्याला ती आठवण काय कामाची? आणि बालाघाटच्या डोंगरांत वाचणारे मुळी किती होते? तरीही ही पत्रके छापली गेली, वाटली गेली व मोजली गेली. जे साहित्य वाचले जाण्यापेक्षा मोजले जाण्यासाठी असते त्याचा खरा वाचक दुसरीकडे असतो, आणि त्यामुळे आम्ही दुसऱ्या प्रकाराकडे येतो.

हा दुसरा प्रकार म्हणजे अहवाल. याला साहित्य मानण्याची आपल्याकडे प्रथा नाही. परंतु गुण-दोष, शैली, परिणाम या सर्व दृष्टींनी पाहता मिशनरी अहवाल हा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी गद्यप्रकारांपैकी एक आहे. त्याचा वाचक लंडन, एडिंबरो, न्यूयॉर्क येथे होता, आणि त्या वाचकाला लेखक पुरेपूर ओळखत होता. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाचे लुई क्लॉप्श यांनी हिंदुस्थानातील दुष्काळाची वर्णने व छायाचित्रे छापून निधी जमविला. १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून सुमारे पाच हजार टन मका मुंबईस आला. शब्दांनी जहाज भरून धान्य आणले, याहून अधिक फळ कोणत्या लेखनाला मिळते? ते धान्य खाऊन जे जगले त्यांच्या वतीने त्या लेखकांचे आभारच मानले पाहिजेत, आणि आम्ही ते मनापासून मानतो.

तथापि या गद्याने एक सवय लावली. त्यात भुकेलेला मनुष्य नेहमी तृतीय पुरुषात येतो. त्याच्या फासळ्या दिसतात, त्याचे बोलणे ऐकू येत नाही. बोललाच तर तो कृतज्ञतेचे एखादे वाक्य बोलतो, आणि तेही अशा इंग्रजीत की ते कोणत्या भाषेतून भाषांतरित झाले आहे याचा पत्ता लागू नये. अनाथगृहात आणतानाचे व वर्षानंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापण्याची पद्धतही याच सवयीतली. ज्या मुलीचे ते उघडे शरीर, तिला कोणी विचारले होते काय? ती पुढे वाचावयास शिकली आणि एके दिवशी तो अंक तिच्या हाती पडला, अशी कल्पना करून पाहावी. अहवालाच्या लेखकाने ती कधी केली नाही, कारण ती त्याची वाचक नव्हती.

तिच्या ऐवजी दुसराच एक वाचक पुढे आला. एप्रिल १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९५६ मध्ये नागपुरास तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या वेळी राजधानी नागपूर होती, बालाघाट व भंडारा एकाच राज्यात होते. त्या अहवालाविषयी आपल्या मंडळ्यांत आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक संतापाने लिहिले गेले आहे; संतापाला कारणेही होती. पण एक गोष्ट कोणी म्हटली नाही, ती आम्ही म्हणतो : आमच्या साहित्याला नियोगी समितीइतका चिकाटीचा वाचक क्वचितच लाभला असेल. मिशनांची नियतकालिके, ग्रंथ व पत्रव्यवहार तिने वाचला आणि त्यांतील उतारे आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले. देणगीदाराला हुरूप यावा म्हणून लिहिलेली वाक्ये, अमुक दुष्काळात अमुक गावे आली, अमुक दवाखान्याने अमुक दार उघडले, ही शेजाऱ्याने वाचली तेव्हा त्यांचा अर्थ पालटला. की पालटला नाही, जो होता तोच उघडा पडला? याचे उत्तर आम्ही एका शब्दात देऊ शकत नाही. समितीच्या शिफारशींत वैद्यकीय वा अन्य सेवेचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून करण्यास कायद्याने बंदी असावी अशी एक शिफारस होती, आणि सरकारच्या संमतीवाचून धर्मप्रचाराचे साहित्य वाटू देऊ नये अशी दुसरी. म्हणजे आमच्या समित्यांनी जी दोन कामे एका कपाटात ठेवली, ती समितीनेही एकाच कपाटात ठेवली. १९६८ चा मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायदा, त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय, आणि १९६८ च्या कायद्याची जागा घेणारा २०२१ चा अधिक कडक कायदा, हा पुढचा क्रम वाचकांस ठाऊक आहे. प्रलोभन हा शब्द या कायद्यांत आहे. तो शब्द अन्यायाने वापरला जातो, निरपराध माणसांना त्याने त्रास होतो, हेही आम्ही पाहतो. तरी त्या आजीने न उघडलेली पिशवी आमच्यासमोर ठेवली तेव्हा कायद्याचा कोणताही अधिकारी तेथे नव्हता. तो शब्द तिनेही उच्चारला नाही. तो आम्हांलाच आठवला.

येथे कोणी म्हणेल की वचन व भाकर यांची जोडी स्वतः प्रभूनेच घातली आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला शास्त्रातूनच उत्तर दिले पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घ्या. पाच हजारांना जेवण मिळते. त्या जेवणापूर्वी त्यांच्यापुढे कोणताही मतांगीकार ठेवलेला नाही. जेवून उठलेले लोक त्याला राजा करू पाहतात तेव्हा तो एकटा डोंगरावर निघून जातो. जीवनाच्या भाकरीविषयीचे प्रवचन दुसऱ्या दिवशी, सरोवराच्या दुसऱ्या तीरावर होते. ते कठीण वाटून पुष्कळ शिष्य सोडून जातात. जाणाऱ्यांना कोणी काल खाल्लेल्या भाकरीची आठवण करून देत नाही. भोजन व वचन यांच्यामध्ये एक रात्र आहे, आणि एक सरोवर आहे. आपल्या पिशवीत मात्र तेलाची बाटली आणि पुस्तिका यांच्यामध्ये साबणाची एक वडी होती.

मार्काच्या वृत्तान्तात क्रम वेगळा आहे, हे आम्ही विसरत नाही. तेथे मेंढपाळावाचून असलेल्या लोकांचा कळवळा येऊन प्रभू आधी पुष्कळ शिकवितो आणि मग जेवू घालतो. पण तेथे लोक ऐकण्यासाठी आपणहून धावत आले होते. उशीर झाला म्हणून भुकेचा प्रश्न उभा राहिला. भूक पाहून शिकवण काढली नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तर पंक्तीची सेवा व वचनाची सेवा यांसाठी निराळी माणसेच नेमलेली दिसतात. पंक्तीसाठी नेमलेला स्तेफन पुढच्याच अध्यायात दीर्घ भाषण करतो हे खरे. परंतु ते भाषण ऐकणारे त्याच्या पंक्तीला जेवणारे नव्हते, त्याला दगडमार करणारे होते.

आता तिसऱ्या प्रकाराकडे. त्याचे उदाहरण मराठीत एकच आहे आणि ते इतके मोठे आहे की त्यापुढे वरील दोन प्रकार विसरावेत. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्यप्रांतात गेल्या. त्यांना तेथे नेणारी गोष्ट अहवालातली नव्हती. १८७४ च्या सुमारास, त्या सोळा वर्षांच्या असताना, तीर्थयात्रेतील उपासमारीत त्यांनी आई, वडील व बहीण गमावली होती. भूक त्यांना प्रथम पुरुषात ठाऊक होती. मध्यप्रांतातील निराधारगृहांत मुलींची काय दशा होते हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुली व बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध असल्याने या मुलींना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले, आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. पुढे तेथे छापखाना आला. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे तेथील बायका करू लागल्या. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे जे मराठी भाषांतर केले ते याच छापखान्यात छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

या घटनेकडे आपण भक्तिभावाने पाहतो, पण चिकित्सक दृष्टीने क्वचितच पाहतो. तिच्यात ग्रंथ व भाकर यांचा क्रम पालटला आहे. भुकेल्याला दिलेला हा ग्रंथ नव्हे. जी एकेकाळी भुकेली होती तिने जेवून, झोपून, वाढून, अक्षर शिकून, मजुरी घेण्याजोगे कसब हाती आल्यावर घडविलेला हा ग्रंथ आहे. १८९७ आणि १९२४ यांच्यामध्ये सत्तावीस वर्षे आहेत. आणि त्याच्या भाषेत तो वाचक दिसतो. रमाबाईंचा रोख पंडितांकडे नव्हता. खेड्यातली, नुकती वाचू लागलेली स्त्री त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्यांचे संस्कृत पांडित्य जगजाहीर होते, तरीही त्यांनी वेदान्ताचा वास येणारे शब्द कटाक्षाने टाळले आणि बोलीजवळचे शब्द धरले. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळविली तिने हे करावे यात केवढा त्याग आहे, हे संस्कृताचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांना उशिरा कळते.

भाषांतर म्हणून त्यात दोष आहेत. मूळ भाषेशी प्रामाणिक राहण्याच्या आग्रहात कित्येक ठिकाणी वाक्यरचना अशी अवघडते की जिच्यासाठी सोपे शब्द निवडले तीच बाई वाक्याच्या मध्यावर थांबावी. शब्द घरचे आणि चाल परकी, असे काहीसे होते. याच काळात नारायण वामन टिळक अभंग व ओवीच्या वाटेने उलट दिशेला गेले. भक्तिपरंपरेचे शब्द त्यांनी निःशंकपणे घेतले, आणि त्यांची गीते आज मंडळ्यांच्या ओठांवर आहेत. रमाबाईंचा ग्रंथ ओठांवर आला नाही. ज्या शब्दांना पूर्वजांचा धूर लागलेला आहे त्यांना हात लावू नये, हा त्यांचा निग्रह आम्हांला समजतो. परंतु त्या निग्रहाने ग्रंथाची ऊब काही अंशी गेली, असे आमचे नम्र मत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त पोरकी मुले व प्लेग ही सारी येतात, आणि त्यांच्याविषयी लिहिताना ती बाई स्वतःलाच हसते, दात्यासमोर असे हसता येत नाही, शेजारणीसमोर येते. ही ऊब रमाबाईंपाशी नव्हती असे नव्हे, भाषांतराच्या शिस्तीत ती मावली नाही.

शिवाय रमाबाईंच्या घरातही दोन भाषा होत्या. परदेशातील मित्रांसाठी मुक्तीहून इंग्रजीत ‘मुक्ती प्रेअर बेल’ निघे, आणि हजारो माणसांचे पोट चालवावयाचे तर ते काढणे भागच होते. त्या पानांत दात्याशी बोलण्याची तीच मिशनरी शैली आहे. तेथील स्त्रिया प्रार्थनेची उत्तरे म्हणून येतात. मराठी ग्रंथात त्याच स्त्रिया वाचक व कारागीर म्हणून अभिप्रेत आहेत. एका छताखालच्या या दोन गद्यांची तुलना आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी करील तर ते काम मोलाचे ठरेल. रमाबाईंवरचा आक्षेपही याच ठिकाणचा आहे. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो म्हणून १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि ‘केसरी’ने झोड उठविली. अनाथ मुलीला नकार देण्याची मोकळीक किती असते, हा त्या वादातला गाभा आपण अजून नीट हाताळलेला नाही. रमाबाई सत्तेपुढेही वाकत नसत. प्लेगच्या रुग्णालयात एका मुलीच्या वाट्याला काय आले याविषयी त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारला जाब विचारला होता. म्हणूनच त्यांच्याविषयी हा प्रश्न विचारण्यात अनादर नाही.

आणि परसवाड्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक उणीव दिसते. मध्यप्रांतातून आलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणींची घरची भाषा मराठी नव्हती. केडगावास त्या मराठी झाल्या. त्यांनी जुळविलेले खिळे त्यांच्या आजीच्या भाषेचे नव्हते. गोंडीसाठी कोणी काहीच केले नाही असे नाही. छिंदवाड्याच्या स्कॉटिश मिशनचे जेम्स डॉसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पवित्र शास्त्राचे काही भाग गोंडीत आणले. त्यांच्याही आधी नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधानाच्या तोंडून लिंगोची दीर्घ कथा गोंडीत उतरवून घेतली. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून वारले आणि त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. शुभवर्तमान सांगावयास आलेला मनुष्य आधी दुसऱ्याचे पुराण ऐकत बसला, ही आमच्या मिशन-इतिहासातील फार सुंदर गोष्ट आहे. मात्र ते छापले गेले इंग्रज अधिकाऱ्यांसाठी.

पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून १९३२ मध्ये व्हेरिअर एल्विन व त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे मैकल पर्वतातील करंजिया येथे गेले. ते गाव आज दिंडोरी जिल्ह्यात आहे. औषधे, शाळा, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा हे काम त्यांनी केले आणि धर्मप्रचार करण्याचे नाकारले. बिशपांशी मतभेद होऊन एल्विन १९३५ मध्ये मंडळीतून बाहेर पडले. १९३९ चा ‘द बैगा’ हा त्यांचा ग्रंथ आणि १९४४ चा मैकल टेकड्यांतील लोकगीतांचा दोघांचा संग्रह अभ्यासकांना सुपरिचित आहे. मंडळी सोडण्याचा त्यांचा निर्णय आम्हांला पटत नाही. वचनाविषयी कायमचे मौन पाळणे हे भाकरीबरोबर वचन कोंबण्यावरचे औषध नव्हे. परंतु त्यांच्या पुस्तकांत बैगा बोलतो, गातो, थट्टा करतो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या अहवालांत तो तसे कधी करीत नाही. तरीही ज्यांची ती गाणी, त्यांच्या हाती ती इंग्रजी पुस्तके पडली नाहीत. पत्रक, अहवाल, पुराणसंग्रह, लोकगीते : चारही तऱ्हांचा वाचक घाटाखालीच राहिला. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख आहेत. हा आकडा मोठा आहे, आणि त्या भाषेत वाचावयास मिळते ते फार थोडे.

आमच्या समितीपुढे आम्ही हे मत लेखी मांडले आहे की आपत्तीच्या काळात धान्याच्या पिशवीत कोणतेही छापील साहित्य घालू नये, आणि ग्रंथप्रसाराचा हिशेब सेवेच्या हिशेबापासून निराळ्या वहीत ठेवावा. काही बंधूंना यात विश्वासाची भीड दिसली. त्यांचे म्हणणे असे की आपण कोणाच्या नावाने देतो हे लपविणेही अप्रामाणिकपणाचे आहे. हा आक्षेप आम्हांला निरुत्तर करीत नाही, पण अस्वस्थ करतो. विचारले असता सांगावे, पूर्ण व स्पष्ट सांगावे, एवढेच आम्ही म्हणू शकलो. विचारले जाईपर्यंत थांबावे लागेल, आणि कदाचित कोणी विचारणारही नाही. ठराव बहुमताने पुढे ढकलला गेला आहे.

त्या आजीकडे आम्ही त्यानंतर तीनदा गेलो. पहिल्या खेपेस तिने कुटकीची पेज पुढे केली आणि आम्ही ती घेतली. आमच्यासोबतच्या एका तरुणाला ती उतरली नाही, यावर तिची बरीच करमणूक झाली. दुसऱ्या खेपेस तिने नातवाला सांगून एक गोष्ट ऐकविली, आणि तो मधूनमधून हिंदीत सांगत गेला. तो आता दहावीत आहे. त्याने व त्याच्या चुलत बहिणीने आजीच्या गोष्टी देवनागरीत उतरवून ठेवण्यास एक वही केली आहे. चौदा पाने झाली आहेत. गोंडी शब्द हिंदीच्या वळणाने लिहावेत की आजी उच्चारते तसेच, यावर दोघांत भांडण आहे, आणि काही पानांवर एकाच शब्दाची दोन रूपे दोन निरनिराळ्या शाईंत आहेत. ती छापावी काय, असे आम्ही विचारले. बहिणीने आधी वही पुरी होऊ द्या म्हटले.